गाईड कोणतं घेऊ, बाई?

शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी नववी-दहावीची सात-आठ मुलं घेऊन मी मराठी वाचत बसते. जून उजाडला की लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी एकच प्रश्न येतो: "बाई, धडा वाचता येतो हो त्याला, पण रसग्रहण म्हटलं की पेन हलत नाही. गाईड कोणतं घेऊ?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जरा पाल्हाळ लागेल.

नोकरीतली बरीच वर्षं मी स्वतःच चालतंबोलतं गाईड होते. कविता एकदा वाचायची आणि 'येथे कवीला असे म्हणायचे आहे की' म्हणून अर्थ सांगून मोकळं व्हायचं. मुलं उतरवून घ्यायची, पेपरात तेच लिहायची, मी मार्क द्यायची. एकदा बालकवींचा 'औदुंबर' चालू होता. झाड म्हणजे ध्यान लावून बसलेला योगी, असं मी ठोकून दिलं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, पण हे कुठे लिहिलंय?" उद्धटपणा नव्हता, तिला खरंच ओळ सापडत नव्हती. मी पुस्तकात पाहिलं. मलाही सापडेना. तास संपायला वीस मिनिटं होती, ती कशी काढली ते विचारू नका.

तिचा तो प्रश्न मी उसना घेतला, अजून परत केलेला नाही.

आता 'औदुंबर' घेते तेव्हा पहिल्या रविवारी अर्थ काढूच देत नाही. आठ ओळींची कविता. पेन्सिल घ्या, रंग दिसेल तिथे रेघ मारा, एवढंच. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, शेवटी 'गोड काळिमा'. रेघा मारून झाल्या की कुणीतरी म्हणतंच, "बाई, ही हिरव्यात सुरू होऊन काळ्यात संपते." रसग्रहणाचं निम्मं सामान इथेच जमतं. मग 'गोड'वर सगळे अडतात. आपल्याकडे काळिमा फासतात, तो गोड कधीपासून झाला? मी गप्प बसते. (वयानुसार हे अवघड होत चाललंय.)

गेल्या वर्षी एकजण म्हणाला, झाड सुट्टी लागल्यासारखं मजेत पाय सोडून बसलंय. एक मुलगी म्हणाली, नाही, ती वाट डोहाकडे जाते आणि परत आल्याचं कुणी सांगत नाही, मला भीती वाटली. कुठे लिहिलंय? त्याने 'पाय टाकुनी' दाखवलं, तिने 'काळ्या डोहाकडे'. दोघंही बरोबर. तिसऱ्याला मात्र झाड म्हणजे कवीची आई वाटत होती. ओळ दाखवता येईना, म्हणून त्याच्या हातात खोडरबर दिलं.

कवितेला हे सगळं शोभतं, माहितीच्या मजकुराला काय, असं एका बाबांनी विचारलं होतं. तिथे तर मुलं जास्त फसतात, कारण सोपं वाटतं. जुलैत मी खडकवासला धरणातून पाणी सोडण्याची, म्हणजे विसर्गाची, सूचनाच वाचायला देते. 2024च्या जुलैत इथल्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, त्यामुळे 'सतर्क राहावे' हे शब्द आमच्या मुलांना नुसते शब्द वाटत नाहीत. 'विसर्ग 10 हजार क्युसेक करण्यात येत आहे. येव्यानुसार बदल संभवतो.' 'येवा' म्हटल्यावर 'येवा, कोकण आपलाच असा' होऊन जातं. हसून झालं की कुणीतरी शोधून काढतं: येवा म्हणजे धरणात येणारं पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर. आमच्या सोसायटीची टाकी 50 हजार लिटरची. गुणाकार-भागाकार केल्यावर सेकंदाला साडेपाच टाक्यांहून जास्त पाणी निघालं आणि ऑफिसात शांतता पसरली. मग व्याकरण: 'करण्यात येत आहे', पण कोण करतंय? कर्ता कुठे गेला? कर्मणी प्रयोग एरवी इतक्या आवडीने कुणी शोधत नाही.

आणि ते 'खडकवासला 100 टक्के भरले'. घरोघरी लगेच निकाल लागतो: चला, पाणीकपात टळली. कुठे लिहिलंय? चार धरणांच्या साखळीत खडकवासला सगळ्यांत लहान. एकूण सुमारे 29 टीएमसीतलं (म्हणजे अब्ज घनफुटांतलं) जेमतेम 2. पानशेत, वरसगाव, टेमघर कुठवर आलीत ते शेवटच्या परिच्छेदात असतं, आणि तिथवर कुणी पोचत नाही. 'उपयुक्त साठा' यातला 'उपयुक्त' शब्दही कुणी वाचत नाही. तळाचं, दरवाजांतून न निघणारं पाणी त्यात धरलेलं नसतं. इथे कवितेसारखी दोन उत्तरं चालत नाहीत. 100 टक्के कशाचे, ते एकच असतं.

आता गाईडचं. दुकानात दिसेल ते घ्या, फार फरक नसतो. फक्त दिवाळीपर्यंत कपाटात राहू द्या आणि तोवर पोराबरोबर रोज पेपरातली एक बातमी शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा. कृतिपत्रिकेचं तंत्र वेगळं असतं, ते नाकारून चालत नाही. फेब्रुवारीत तीन रविवार मीही मुकाट्याने आकृतिबंध भरून घेते, आणि त्यासाठी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात गाईड आहे. दोन आहेत खरं तर.