झाडं गेली, ओळी राहिल्या: हेरफर्डशरच्या जुन्या फळबागा

हेरफर्ड-वुस्टर रेल्वेमार्गावर लेडबरीला उतरलो आणि रॉसच्या रस्त्याने मच मार्कलकडे निघालो. इंग्लंडच्या पश्चिमेचा हा पट्टा सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या रसापासून आंबवलेल्या दारूचा. तांबड्या वालुकाश्मातून आलेली लाल माती, मधेमधे चांगलीच चिकण. रस्त्याकडेच्या बागा नव्या, ठेंगण्या झाडांच्या. आम्हाला बघायच्या होत्या त्या नकाशातून पुसल्या गेलेल्या.

त्यांचा माग निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. 1836 च्या कायद्याने चर्चचा दशमांश (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर) रोखीत घ्यायचं ठरलं, तेव्हा गावोगावचे नकाशे तयार झाले. सोबतच्या तक्त्यात बहुतेक तुकड्यांपुढे नांगरट, कुरण की फळबाग हे लिहिलेलं असतं. नंतरच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:2500 नकाशांवर बागेत झाडांची चिन्हं ओळीने मांडलेली दिसतात. ती मोजून झाडांची संख्या मात्र काढू नये. ती बागेची खूण आहे, मोजदाद नव्हे. मग सरकारी लायडारची, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या चढउतारांची चित्रं बघावीत, ती फुकट मिळतात. त्यात कृत्रिम उजेड एकाच दिशेने टाकला तर त्या दिशेला समांतर असलेले उंचवटे चक्क गायब होतात. दिशा बदलून निदान दोन-तीनदा तरी बघावं.

प्रत्यक्ष रानात पहिली नजरेत भरते ती बाग नव्हे, तिच्याखालची मध्ययुगीन शेती. रुंद सरी-वरंबे, टोकाशी किंचित वळलेले, कारण बैलांची लांब जोत बांधावर वळवायला जागा लागे. पुढे त्यावर गवत आणि झाडं आली, नांगर थांबला, म्हणून ते टिकले. चिकण जमिनीत झाडं वरंब्याच्या माथ्यावर लावत, मुळाशी पाणी साचू नये म्हणून. त्यामुळे बागेच्या ओळीही पुष्कळदा त्या जुन्या वळणानेच जातात.

झाड गेल्यावर उरलेला एकटा खळगा किंवा उंचवटा काहीच सिद्ध करत नाही. एका ओळीत तीन सापडले की टेप काढायची, मग काटकोनात दुसरी ओळ शोधायची. उंच बुंध्याच्या सफरचंदांचं नेहमीचं अंतर 30 फूट, म्हणजे सुमारे 9 मीटर; चौरस मांडणीत एकरी 48 झाडं. पेरीच्या, म्हणजे सायडरसारख्याच दारूसाठीच्या नाशपतींना याहून जास्त जागा लागे. अंतर जेमतेम 2 मीटर भरलं तर ती बाग नसून हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या वेलींची लागवड असण्याची शक्यता मोठी. या जिल्ह्यात हा घोटाळा हमखास होतो. वाऱ्याने उन्मळलेल्या झाडाचा खड्डा चंद्रकोरीसारखा असतो, एका बाजूला मातीचा ढीग असलेला. ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या खुंटाचा खड्डाही फसवा, पण तो ओळीत सापडतो.

कधी कधी चौरसांच्या मधोमध दुसरीच मांडणी दिसते. सफरचंदाच्या जुन्या जागी सफरचंदच लावलं तर मातीतल्या रोगाने नवं रोप खुरटतं. म्हणून नवी झाडं दोन ओळींच्या मधे लावत, किंवा जागा तीच ठेवून सफरचंदाऐवजी नाशपती. आमच्या मते बागेला किती पिढ्या झाल्या हे सांगणारा इतका चांगला पुरावा दुसरा नाही, आणि तोच सर्वात जास्त दुर्लक्षित आहे.

कुंपणही बघावं. त्यात डॅमसनची (लहान आंबट आलुबुखाऱ्याची) झाडं असतील, जवळच्या हॉथॉर्नच्या वा लिंडेनच्या झाडांवर बांडगुळाचे गोळे लोंबत असतील, तर शेजारी बाग असण्याची शक्यता वाढते. पुरावा म्हणून एकटं बांडगूळ पुरत नाही. खाजकुयलीसारख्या चुरचुरणाऱ्या नेटलचे दाट ठिपके तर भलतंच सांगतात: तिथे गोठा किंवा उकिरडा असावा. वाड्यांच्या दारात फुलझाडं लावलेली गोल दगडी द्रोणी दिसली की थांबावं. घोड्याने फिरवायच्या सायडरच्या जात्याचा तो भाग असतो.

जिवंत नमुना हवा असेल तर मच मार्कलच्या हेलन्स या जुन्या वाड्याची पेरी नाशपतींची रांग बघावी. ती 1710 मधली सांगतात, आणि त्यातली काही झाडं अजून उभी आहेत. सफरचंदाचं झाड शंभरीच्या आसपास थकतं, नाशपती तीनशेपर्यंत जाते. त्यामुळे मोडलेल्या बागेत एखादं झाड उरलंच तर ते बहुधा नाशपतीचं.

बाग एकदा नांगरली की वरचे उंचवटे काही हंगामांत सपाट होतात. खाली उरतात ते भरलेले खड्डे. त्यांची माती ओल धरते, म्हणून कडक उन्हाळ्यात धान्याच्या शेतात त्या जागी हिरवे ठिपके उमटतात. 2018 च्या दुष्काळात ब्रिटनभर अशा खुणा वर आल्या. त्या हवेतूनच नीट दिसतात. पायी फिरायचं तर फेब्रुवारी-मार्च, गवत वाढण्याआधी, सकाळी किंवा दुपार कलल्यावर. सार्वजनिक पायवाट सोडून शेतात शिरायला मालकाची परवानगी लागते. टेप घेऊन आलेल्या माणसाने तर ती आधीच मागावी.