शिरोलीतलं बंद मशीन आणि हबला लावलेला डीव्हीडी रायटर

ज्यांच्याकडं अजून कामाच्या सीडी पडून आहेत आणि त्या वाचायला एखादा एक्सटर्नल डीव्हीडी रायटर ड्रॉवरमध्ये ठेवलाय त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण दिवाळीनंतर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही. माझं काम कॉम्प्युटर मेंटेनन्सचं, दुकान राजारामपुरीत, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या बऱ्याच वर्कशॉपचे पीसी, प्रिंटर, नेटवर्क मी बघतो. मशीनला मी हात लावत नाही, ते वेगळ्या माणसांचं काम.

भाऊबीज झाली, पोरं गावाकडनं परत आली आणि त्यातल्या एका वर्कशॉपमधलं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ, चालू केलं तर स्क्रीनवर नुसते अलार्म. झालं होतं असं की कंट्रोलरच्या मेमरीला एक छोटी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, मशीनचा मेन सप्लाय बंद असतो तेव्हाच ती मेमरी सांभाळते. बॅटरी लो चा अलार्म आधीपासून येत होता, पण रोज मशीन चालू असल्यामुळं कुणाला काही वाटलं नाही, आणि दिवाळीत सलग सुट्टी पडली तेव्हा बॅटरी पूर्ण बसली आणि सगळे पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंगचे आकडे, उडाले. मशीन सुटं लोखंड होऊन बसलं. आता ते पॅरामीटर परत भरायचे तर बॅकअप पाहिजे, आणि बॅकअप कुठं, तर मशीन घेतलं तेव्हा मॅन्युअलबरोबर मिळालेल्या एका सीडीत. आणि ती सीडी काही वाचेना, म्हणून मला फोन.

मी पोचलो तर केबिनमध्ये मालक काका, ऑपरेटर आणि सर्व्हिस इंजिनिअर तिघंही लॅपटॉपभोवती उभे. ऑपरेटर म्हणाला, "दादा, रायटर चांगला हाय, मघाशी डीव्हीडी लावून बघितली, पिक्चर मस्त चालला. सीडीच गेलीय." काकांचा चेहरा पार उतरला होता, ऑर्डर त्या आठवड्यात द्यायची होती आणि त्या जॉबचा बोअर, म्हणजे मापातलं गोल भोक, त्याच मशीनवर बसत होता. शेजारच्या शेडमध्ये अगदी तेच मॉडेल आहे, त्यातनं पॅरामीटर घेऊया का, हे त्यांनी आधीच विचारून झालं होतं. इंजिनिअरनं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि बरोबरच होतं त्याचं. प्रत्येक मशीनचा बॉलस्क्रू, म्हणजे स्लाइड सरकवणारा स्क्रू, मोजून त्याच्या आट्यांतली बारीक चूक, पिच एरर, भरलेली असते, रेफरन्स पॉइंट वेगळा असतो, स्लाइड कुठपर्यंत जाणार त्याची लिमिटसुद्धा पॅरामीटरमध्येच असते. दुसऱ्याचे आकडे टाकले तर मशीन चालू होईल पण माप येणार नाही, आणि वाईट झालं तर टूल धरणारा टरेट जाऊन जॉब धरणाऱ्या चकवर आदळेल. विक्रेत्याकडं फोन लावला होता, तिथं सगळे सुट्टीवर, जुनी फाईल शोधून सांगतो एवढंच उत्तर.

आता रायटर. पिक्चर चालला म्हणजे रायटर चांगला, हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की सांगता सोय नाही. डीव्हीडी वाचायला लाल लेझर लागतो, ६५० नॅनोमीटरचा, आणि सीडीला ७८० चा इन्फ्रारेड. लेन्स एकच असली तरी लेझर वेगवेगळे. त्यामुळं एखादा रायटर डीव्हीडी झकास वाचेल आणि सीडीला हात टेकेल, असं होतं. म्हणून आधी मी माझ्या बॅगेतली एक चांगली डेटा सीडी लावली. ती दिसली, फाईली उघडल्या, जरा थांबत थांबत, पण उघडल्या. म्हणजे सीडीचा लेझर जिवंत होता. मग त्यांची सीडी घातली. मोटर फिरली, वेग घेतला, टिक-टिक असा आवाज, आणि लॅपटॉपमधनं तो टुंडुं आवाज येतो ना, डिव्हाइस निघाल्याचा, तो आला. माय कॉम्प्युटरमधनं ड्राइव्हच गायब. दोन-चार सेकंदात परत आला, परत फिरला, परत गायब. हे बघितल्यावर मी काकांना तिथंच सांगितलं की सीडीचा निकाल अजून लावू नका. सीडी खराब असेल तर ड्राइव्ह एरर देईल, तासभर लटकेल, पण सहसा यूएसबीवरनं पडणार नाही. पडतोय म्हणजे त्याला करंट पुरत नाहीये.

वायर कुठं जात्या बघितलं. लॅपटॉपला पोर्टच दोन, त्यातल्या एकात एका पोर्टाचे अनेक करणारा एक स्वस्तातला हब, त्या हबला माऊस, सॉफ्टवेअरचा डोंगल, मशीनला जोडायची यूएसबी-सिरियल केबल आणि हा रायटर. हबला स्वतःचा अडॅप्टर नाही. यूएसबी २.० च्या एका पोर्टचं बजेट ५०० मिलिअँपिअर, ते या चौघांनी वाटून घ्यायचं, आणि एकटा रायटर डिस्क फिरवायला सुरुवात करतो त्या क्षणाला एक अँपिअरच्या वर मागतो. त्यात रायटरची मूळची दोन तोंडांची केबल हरवली होती, तिच्या जागी जुन्या कॅमेऱ्याची सुतळीएवढी बारीक केबल. माझ्याकडं यूएसबीचा छोटा मीटर असतो, तो मधे लावला. नुसतं असताना ४.९ व्होल्टच्या आसपास, सीडी फिरायला लागली की ४.४ च्या खाली, आणि हे हबच्या तोंडाशी हां, त्या बारीक केबलमधनं पलीकडं पोचेपर्यंत आणखी कमी. बिचारा ड्राइव्ह पडणारच की.

मग चांगली सीडी कशी काय वाचली, असं इंजिनिअरनं विचारलं, आणि प्रश्न अगदी योग्य होता. स्वच्छ सीडी असली की ड्राइव्ह एकदा वेग घेतो आणि निवांत वाचत सुटतो. ओरखडे असले की वाचता येत नाही म्हणून थांबतो, वेग कमी करतो, लेन्स मागं-पुढं नेतो, परत वेग घेतो, आणि दर वेळी मोटर झटक्यानं करंट ओढते. म्हणून सप्लाय अशक्त असला की ते खराब सीडीवर आधी दिसतं आणि दोष सगळा सीडीवर जातो.

हब काढला. माझ्याकडची जाड, आखूड, दोन तोंडांची केबल लावली आणि दोन्ही तोंडं लॅपटॉपच्या दोन पोर्टांत. मीटरवर आकडा ४.८ च्या खाली जाईना आणि ड्राइव्ह पडायचा बंद झाला. पण सीडी अजून उघडेना, नुसतं फिरत राहिलं. तेव्हा ट्रे उघडून लेन्सवर टॉर्च मारला. या बारीक रायटरमध्ये लेन्स ट्रेवरच असते, उघडीच, आणि हा रायटर इतकी वर्षं शॉपफ्लोअरच्या केबिनमध्ये राहिलेला. मशीनच्या कूलंटचा, म्हणजे कापताना सोडतात त्या तेलकट पाण्याचा, धूर केबिनमध्ये येतोच, त्याचा पिवळसर तेलकट थर त्या हरभऱ्याएवढ्या लेन्सवर सरळ दिसत होता. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, आणि वजन न देता फक्त फिरवायची, कारण ती लेन्स केसासारख्या तारांवर टांगलेली असते, दाबली की संपली. काडी पिवळी होऊन आली. दुसरी कोरडी फिरवली.

तेवढ्यात ऑपरेटर कुठनं तरी टूथपेस्ट घेऊन आला, सीडी घासूया म्हणून. मी सीडी काढूनच घेतली हातातनं. पोरगं मनापासून धडपडत होतं, पण पेस्टनं घासायचं ते खालच्या प्लॅस्टिकचे ओरखडे. सीडीत डेटाचा थर खाली नसतो, वर लिहितो त्या बाजूला असतो, फक्त वार्निशच्या पातळ थराखाली. खालचं प्लॅस्टिक चांगलं १.२ मिलिमीटर जाड असतं, वरच्या बाजूला राखणच नसते. सीडी ट्यूबलाइटसमोर धरून दाखवली. मशीनचा नंबर मार्करनं लिहिलेला, आणि बाहेरच्या कडेकडं टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, उजेड आरपार. तिथला चंदेरी थरच निघून गेलेला. काका ते बघून एकदम गप्प झाले. मी म्हणालो, काका, सीडी आतनं बाहेर लिहिली जाते, मधला भाग शाबूत दिसतोय, आपल्याला लागणारी फाईल काही केबीची आहे, अख्खी सीडी नको.

इथनं पुढं घाई करायची नाही हे मी ठरवूनच टाकतो. विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट केलं की ते एकाच खराब जागेवर डोकं आपटत बसतं, आणि तेवढ्यात ड्राइव्ह गरम होतो. पेनड्राइव्हवरनं लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं, खराब डिस्कवरनं डेटा काढायचा प्रोग्रॅम, सेक्टर म्हणजे सीडीवरचा डेटाचा एक तुकडा २०४८ बाइटचा सांगून. ते आधी चांगलं चांगलं सगळं उचलून घेतं, अडेल तिथं उडी मारून पुढं जातं आणि मग उरलेल्या जागांकडं परत येतं, आणि कुठला सेक्टर मिळाला कुठला राहिला याची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतं. ही मॅप फाईल म्हणजे अर्धं काम, असं माझं मत आहे.

दुपारपर्यंत बहुतेक सगळं आलं. इमेज, म्हणजे सीडीची फाईलमधली नक्कल, उघडली, फोल्डर दिसले, केबिनमध्ये एकदम हलकं वाटलं. पॅरामीटरची फाईल साधी टेक्स्ट असते, ओळीमागनं ओळ, प्रत्येकीला नंबर. इंजिनिअर एकेक ओळ खाली सरकवत होता आणि मध्येच थांबला. नंबर सलग चालले होते आणि एका ठिकाणी नुसती मोकळी जागा, त्यानंतर नंबर एकदम बराच पुढचा. कडेच्या सेक्टरांशिवाय आतलाही एक सेक्टर राहिला होता, २०४८ बाइट, आणि तो नेमका या फाईलच्या पोटात. काका म्हणाले बाकीचं भरून बघूया की. इंजिनिअर ठाम नाही म्हणाला. त्या मोकळ्या जागेत लिमिटचे आकडे असतील तर मशीनला कळणारच नाही कुठं थांबायचं. मला त्याचं फार पटलं, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असताना असं नाही म्हणणं सोपं नसतं.

इमेज आणि मॅप फाईल पेनड्राइव्हवर घेतली, सीडी डबीत, आणि गाडी काढली. तावडे हॉटेलपाशी ट्रॅफिक, पण पोचलो दुकानात. तिथं माझा एक जुना डेस्कटॉप आहे, त्यात आतला मोठा डीव्हीडी ड्राइव्ह, पीसीच्या पॉवर सप्लायवरनं (एसएमपीएस) ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही मिळणारा, धट्टाकट्टा. गंमत अशी की प्रत्येक ड्राइव्हची लेन्स, लेझरची ताकद, चुका दुरुस्त करायची पद्धत थोडी थोडी वेगळी असते, एकाला न वाचलेलं दुसरा वाचतो. तीच मॅप फाईल देऊन डीडीरेस्क्यू परत चालू केलं, वेग सगळ्यात कमी करून. आता ते फक्त राहिलेल्या सेक्टरांच्याच मागं लागलं. कडेचे बरेच गेलेच, ती मॅन्युअलची पीडीएफ होती, तिचं मला काही वाटलं नाही. आतला तो एक सेक्टर काही वेळानं आला. फाईल उघडली, नंबर सलग. मी तिथनंच इंजिनिअरला फोन केला आणि गाळलेल्या जागेतले पहिले दोन-तीन नंबर वाचून दाखवले, तो म्हणाला, "भावा, लिमिटच हाईत ह्यात."

संध्याकाळी आरएस-२३२ म्हणजे सिरियल केबलनं पॅरामीटर मशीनमध्ये गेले. नवी बॅटरी बसवली, तीसुद्धा कंट्रोलर चालू ठेवूनच, बंद करून बॅटरी काढली असती तर परत तेच. मग इंजिनिअरनं रेफरन्स लावून घेतला, जॉब न लावता प्रोग्रॅम फिरवला, एका हाताचं बोट इमर्जन्सीच्या लाल बटणावर ठेवून. रात्री उशिरा पहिला बोअर काढला आणि बोअर गेजनं मोजला, मापात होता. काकांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्या सगळ्या मशीनच्या सीडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात पाठवून दिल्या. ज्या वाचल्या त्यांच्या इमेज करून दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर आणि ऑफिसच्या पीसीवर ठेवल्या. एकीचा वरचा थर पापुद्र्यासारखा निघून हाताला लागत होता, ती कुठल्याच ड्राइव्हमध्ये दिसली नाही. ते मशीन अजून चालू आहे म्हणून इंजिनिअरला त्याच दिवशी बोलावलं आणि त्याचे पॅरामीटर थेट कंट्रोलरमधनं काढून घेतले, बॅटरी पण बदलून टाकली.