माडीवरची कुंभारीण

सक्तीच्या एकांताचे गोडवे बहुधा त्यातून सुटून आलेली माणसेच गातात. मुकुंदराजांची समाधी ज्या गावाबाहेरच्या दरीत आहे त्या अंबाजोगाईत एकांताची थोरवी लहानपणापासून कानांवर पडते. परंतु ऐन चाळिशीत कांजिण्या निघाल्यावर ‘सगळ्या फोडांना खपल्या धरेपर्यंत माडीवरून खाली उतरायचे नाही’ असे डॉक्टर बजावतात, तेव्हा ती थोरवी फारशी कामाला येत नाही. 2016 सालचा तो एप्रिल महिना होता. धाकट्या भावजयीला दिवस गेलेले असल्यामुळे घरात धसका अधिकच होता. माडीच्या दाराला लिंबाचा डहाळा लागला आणि जेवणाचे ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊ लागले.

सुरुवातीला मोबाईल पाहणे आणि अंग न खाजवणे, एवढीच दोन कामे होती, आणि दोन्हींचा कंटाळा सारखाच होता. वर्तमानात जगावे, असा उपदेश हल्ली जो तो करतो. मीही डोळे मिटून तसा प्रयत्न केला, पण मनाला वर्तमानात आणून बसवावे, तर तेथे खाजेखेरीज दुसरे काहीच सापडत नसे.

मग खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशी आली. काळे अंग, पिवळे पाय आणि तुटेल की काय वाटावी इतकी बारीक कंबर. जबड्यात तिने ज्वारीच्या दाण्याएवढी ओल्या चिखलाची गोळी आणली होती. ती चौकटीला लावताना तिचे सारे अंग थरथरे आणि एरवी न ऐकू येणारा बारीक, तीव्र गुंजारव उठे. चिखल पसरून त्याची कमानीसारखी पट्टी झाली, की ती उडून जाई. ओली पट्टी काळपट दिसे आणि पुढची खेप येईपर्यंत कडेने फिकी पडू लागे. ती ओल कोठपर्यंत सरकली हे पाहण्यात माझी दुपार गेली, आणि हात अंगाकडे वळलाच नाही, हे संध्याकाळी ध्यानात आले.

त्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येऊ लागले होते. आमच्याकडेही नळाची वाट पाहण्यातच दिवस जात. अशा कोरड्या ठणठणीत दिवसांत हिला ओला चिखल मिळतो तरी कोठे? खेप लवकर येत होती, म्हणजे जागा जवळच असणार, एवढा तर्क करून मी खिडकीतून ओरडलो, “आई, रांजणाखाली एक गांधिलमाशीसारखी माशी बसलीय का, बघ जरा.”

“फोड अंगाला आलेत का डोक्याला?” खालून उत्तर आले, पण थोड्या वेळाने तिनेच सांगितले, “आहे बाबा. चिखल उकरतेय.”

घरटे उभे राहिल्यावर त्यात कोळी येऊ लागले. ते मेलेले नसतात. नांगीच्या डंखाने लुळे पडलेले असतात, म्हणून सडत नाहीत. त्यांच्यातल्या एकावर अंडे घालून कुंभारीण तोंड लिंपून टाकते आणि आतली अळी त्या ताज्या शिदोरीवर वाढते. भृंगीच्या, म्हणजे अशाच कुंभारणीच्या, ध्यासाने कीटकच भृंगी होतो, हा संतवाङ्मयातला दृष्टान्त मला फार प्रिय आहे. बंद घरट्यात किडा गेला आणि बाहेर भृंगी आली, एवढे पाहणाऱ्याने तसा अर्थ लावावा, यात नवल नाही. घरट्याच्या आतला व्यवहार मात्र ध्यानाचा नसून भोजनाचा असतो, आणि तो कळल्यामुळे माझ्या लेखी दृष्टान्ताची गोडी उणावली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

जिन्यावर ताट ठेवताना आई आता प्रकृतीच्या आधी कोळ्यांची चौकशी करू लागली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भांडी विसळलेले पाणीसुद्धा कढीपत्त्याला जात असे. तरीही रांजणाखालची माती रोज दुपारी नव्याने भिजलेली दिसे. विचारले, तर तांब्या हिंदकळला म्हणून आई सांगे.