आमची वाटचाल : गोधडीची कड

लेक झाली तेव्हा आईने तिच्या जुन्या नऊवारीची गोधडी शिवून पाठवली. ती बघून ठाण्यात चरईतल्या आमच्या इमारतीतल्या दोघींनी बारशात द्यायला तशाच मागितल्या. घरचं जुनं शिलाई मशीन होतं, अस्तर आणि दोरा जांभळी नाक्यावरून आणला. पुढे दोन मैत्रिणी सोबत आल्या आणि काम वाढलं.

आमचा सगळा जीव धावदोऱ्यात. कडेला सरळ कापलेली एकेरी पट्टी लावायची, वरून टीप मारायची, की झाली गोधडी. वर्षाच्या आत एक परत आली. "ताई, रागावून नाही आले, पण ही कड बघा." मधला एक टाका हलला नव्हता आणि कड मात्र घडीवर लांबच्या लांब उसवल्यासारखी फाटलेली. बाळ कडच तोंडात धरतं, कड धरूनच गोधडी घरभर ओढतं, वर रोजचं धुणं. मागोमाग आणखी तीन आल्या. लोकांनी विश्वासाने पैसे दिले होते. मला फार लागलं ते.

आईने हातात घेऊन पाहिलं. "ब्लाउजच्या गळ्याला तिरपी कापलेली उरेब पट्टी लावतेस, मग हिला का नाही?"

तिथून आम्ही गोट, म्हणजे कडेची ही पट्टी, लावायला नव्याने शिकलो. सरळ पट्टीत तेच चार-दोन धागे कडेने शेवटपर्यंत धावतात. ते झिजले की अख्खी घडी फाटते. उरेब पट्टीत धागे कडेवर तिरपे येतात, झीज वाटली जाते. कापड जास्त जातं, जाऊ दे. ३६ इंची चौकोनी गोधडीचा घेर १४४ इंच, आम्ही पट्टी १५६ इंच घेतो. रुंदी अडीच इंच, मधोमध दुमडून दुहेरी. कापड आधी धुवून आटवलेलं, रंग जाणारं असेल तर बाद. कोपऱ्यावर वाटी उपडी ठेवून गोलाई आखतो. उरेब तिथे चुणी न पडता वळते. सुरुवात बाजूच्या मध्यावरून करायची, कोपऱ्यावरून कधीच नाही. पट्टी ताणायची नाही, नाहीतर कड आत ओढली जाऊन गोधडी वाटीसारखी होते. पुढून पाव इंचावर मशीनची टीप, आणि मागची बाजू हाताने, बारीक टाक्यांनी. पट्टीचा जोड तिरपा, म्हणजे बाळाच्या गालाला गाठ लागत नाही. लेस, गोंडे, मणी मागितले तरी लावत नाही. बाळाच्या तोंडात काय जाईल, सांगता येत नाही.

त्या चारही गोधड्यांना नवा गोट घालून दिला, पैसे न घेता. आज आम्ही पाचजणी आहोत. हाताच्या टाक्यांमुळे महिन्याला मोजक्याच गोधड्या होतात, म्हणून घाईची ऑर्डर घेत नाही.

जुना गोट मात्र केव्हाही बदलून देतो. परवा त्या पहिल्या परत आलेल्या गोधडीची मालकीण आईचा हात धरून आली. आता शाळेत जाते. गोट निळाच हवा, आधीचा होता तसाच. ठाण्यात तो निळा मिळेना. उल्हासनगरला जाऊन आणला.