टीव्हीची पाठ

डबा टीव्हीला पाठ होती, आणि तीही चांगली दीड फुटाची. २१ इंची सेट भिंतीला टेकवून ठेवताच यायचा नाही. कवेलूच्या घरात त्याला कोपराच लागायचा, कारण एवढी पाठ कोपऱ्यातच मावते. वजन वीस-बावीस किलो, तेव्हा टेबलही सागाचंच हवं. डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर घड्याळ, लाइटचं बिल, खोकल्याच्या औषधाची बाटली. तो रुमाल मागे ओघळून जाळी झाकायचा आणि आतली गरम हवा आतच कोंडायची, पण हे मेकॅनिकने सांगेपर्यंत कोणाच्या ध्यानात यायचं नाही.

बिघडला की पहिला उपाय घरचाच. "ठोक ना बे, येते पाय चित्र," असं ओसरीवरून कोणीतरी म्हणायचं, पाठीवर थाप पडायची आणि चित्र खरंच यायचं. याला अडाणीपणा म्हणायचं कारण नाही. आतल्या प्लेटवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, जे पार्ट जड असतात किंवा तापतात, म्हणजे एलओटी (ट्यूबला मोठा दाब देणारा ट्रान्सफॉर्मर), व्हर्टिकलचा आयसी (चित्र वरखाली पसरवणारी चिप), लाइन ट्रान्झिस्टर (एलओटीला चालवणारा), त्यांचे कथलाचे टाके सगळ्यात आधी सुटतात. रोज संध्याकाळी तापायचं, रात्री गार व्हायचं. त्यात लाइन चारदा गेली तर तेवढे फेरे जास्त. पार्टच्या पायाभोवती कथलाला गोल चीर पडते. भिंगातून ती केसाएवढी काळी कडी दिसते, नुसत्या डोळ्यांना टाका ठणठणीत. थापेने चीर मिटते आणि करंट सुरू होतो, पुढच्या थापेपर्यंत. खरा इलाज पाच मिनिटांचा आहे: जुनं कथील काढायचं, पाय खरवडायचा आणि ६०-४० च्या (साठ भाग कथील, चाळीस शिसं) नव्या तारेने टाका भरायचा. जुन्याच कथलाला नुसता चटका दिला तर महिन्याभरात पुन्हा पाठ थोपटायची वेळ.

व्हर्टिकलचा टाका गेला की पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ उरते. ती पाहत बसू नये. अख्ख्या पडद्यावर पसरायचा इलेक्ट्रॉनचा झोत एका रेघेत कोंडलेला असतो, आणि तेवढा पट्टा जळून कायमचा डाग राहतो. आधी बटन बंद.

आपल्याकडचा खास रोग मात्र वेगळाच. ट्यूबच्या, म्हणजे पडद्यामागच्या मोठ्या काचेच्या, पाठीवर एक रबरी टोपी असते आणि तिच्यातून २१ इंची रंगीत सेटला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. एवढा दाब धूळ ओढतोच. त्यात भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला, त्याचे उडते तंतू जाळीतून थेट आत. मग मे महिना. पारा ४५ वर, आणि कूलरच्या ताटीतून येणारी ओली हवा नेमकी टीव्हीच्या पाठीवर. धूळ-कापूस ओलावला की टोपीभोवती निळ्या ठिणग्या नाचतात, चर्र चर्र आवाज येतो आणि ओझोनचा तो नाकात झोंबणारा वास सुटतो. टोपी काढून काच आणि रबर दोन्ही स्पिरिटने पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं, की झालं.

पण टोपीला हात लावण्याआधी एक काम. पिन काढून तास उलटला तरी ट्यूब भरलेली असू शकते. लांब पेचकसाला तार गुंडाळायची, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या विणलेल्या तारेला लावायचं, प्लेटला नाही. एक हात खिशात. मग पेचकसाचं टोक टोपीखाली सरकवायचं. चट्! दोन-चार मिनिटांनी पुन्हा एकदा, कारण जिरलेला थोडा दाब काच परत वर आणते. हा झटका जिवावरही बेतू शकतो, आणि नाही बेतला तरी हात असा झटकला जातो की ट्यूबची मान मोडते.

पाठीच्या बाबतीत सगळ्यांचा बाप म्हणजे प्रोजेक्शन टीव्ही. खेड्यात मुक्कामाला येण्याची त्याची जात नव्हे. कापसाच्या व्यापाऱ्याच्या हॉलमध्ये कपाटासारखा शोभावा असा. तो तर नुसती पाठच. आत मोठी ट्यूब नाही. तळाशी साधारण ७ इंची तीन ट्यूबा, लाल, हिरवी, निळी. प्रत्येकीसमोर भिंग, मागे तिरपा आरसा, आणि चित्र पडद्यावर मागून पडणार. तिन्ही रंग एकमेकांवर तंतोतंत बसायला हवेत, आणि दुखणं तिथंच. कन्व्हर्जन्सचे, म्हणजे हे रंग जुळवणारे, आयसी तापून गेले की पांढऱ्या अक्षरांना एकीकडे लाल, दुसरीकडे निळी किनार. छपाईत रंग सरकलेली लग्नपत्रिकाच. ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये ट्यूब थंड ठेवणारं ग्लायकॉलचं पाणी असतं. ते गढूळ झालं की चित्राला मोतीबिंदू, गळालं की खालच्या प्लेटीचं वाटोळं. आरसा फडक्याने पुसायची सोय नाही, कारण त्याचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या अंगाला असतो; धूळ फुंकूनच उडवायची. पुढे काही सेटांत ट्यूबांऐवजी दिवा आणि बारीक आरशांची चिप आली, डबा जरा सडपातळ झाला, पण दिवा काही हजार तासांनी बदलावाच लागे. सपाट पॅनल स्वस्त झाल्यावर एवढी नाटकं कोण सोसणार? सोनीने डिसेंबर २००७ मध्ये माघार जाहीर केली. मित्सुबिशी एकटीच तग धरून होती, तिनेही डिसेंबर २०१२ मध्ये हात टेकले.

सपाट टीव्हीला ना पाठ, ना डोकं. रुमाल ठेवायचा कुठे? भिंतीवर टांगावा तर मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, भोक मोठं होत जातं. भिंतीतल्या दोन लाकडी खांबांना आडव्या पट्ट्या ठोकून ब्रॅकेट त्यावर बसवावं. विजेच्या बाबतीत मात्र त्याला नाव ठेवता येत नाही: ३२ इंची एलईडी ५० वॉटच्या आसपास घेतो, जुना २१ इंची ८० ते १००. इन्व्हर्टरवर हा फरक चांगलाच जाणवतो.

आवाज आहे पण चित्र नाही, असं झालं तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा मारावा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत, मागच्या दिव्यांची पट्टी गेली. सगळे दिवे एका माळेत. एक जळला की माळ विझली. बदलायच्या तर सगळ्या पट्ट्या एकदमच, नाहीतर उरलेल्या मागोमाग जातात. आणि सेटिंगमधला बॅकलाइट, म्हणजे या दिव्यांचा उजेड, कंपनीने ठेवलेल्या शंभरावरून साठावर आणावा, हे कोणी करत नाही. पट्टी बदलायला पॅनल उचलावा लागतो, तो दोघांनी. कडेच्या, पडद्याला सिग्नल पोचवणाऱ्या पातळ फितीला ताण बसला की उभ्या रेघा, आणि त्यांना तालुक्याच्या दुकानातही इलाज नाही. नवा पॅनल जवळपास टीव्हीच्याच भावात. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं फिरवलं तरी तेच: पाणी ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि फिती खातं. थापेचं तर नावच नको.

डबा भंगारात गेला की भंगारवाल्याचा डोळा ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या गुंडाळीवर. ट्यूब अंगणात फोडू देऊ नये. आत निर्वात असल्याने काच उडते, आणि मागच्या काचेत शिसं असतं. ट्यूब अख्खी गेली की रिकामा प्लास्टिकचा डबा गोठ्याच्या कोपऱ्यात जातो. तोंडावर बारदाना, खाली कुटार. मागच्या जाळीतून हवा खेळती राहते, आणि खुडूक कोंबडीला एकवीस दिवस तेवढी जागा पुरते.