अंगावरची अक्षरे

न्यूयॉर्कच्या ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाच्या ४ जून १८८४ च्या अंकातले एक रंगीत चित्र परवा दुपारी पाहत बसले होते. पाहत म्हणजे खरे तर वाचत. चित्रात अक्षर दिसले की माझे डोळे आधी तिकडेच धावतात. भेळ संपल्यावर कागद वाचणाऱ्यांच्या जातीतली मी आहे. त्या काळच्या अमेरिकी व्यंगचित्रांत अशांची चंगळ असते, कारण टोपीवर, पिशवीवर, ताटातल्या पदार्थावरसुद्धा काही ना काही लिहिलेले असते. वाचते खरी, पण मनातून मला ते आवडत नाही. वाचकाच्या अकलेवर भरवसा नसलेला चित्रकार चिठ्ठ्या चिकटवतो, असे माझे जुने मत. बर्नहार्ड गिलम या चित्रकाराने ते जरा हलवले.

त्या आठवड्यात शिकागोत रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले होते आणि जेम्स ब्लेन अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते. गिलमने जेरोम या फ्रेंच चित्रकाराचे १८६१ सालचे गाजलेले चित्र उचलले: अथेन्सच्या न्यायसभेपुढे फ्रायनी नावाच्या गणिकेचे वस्त्र तिचा वकील ओढतो आणि तिचे रूप पाहून न्यायाधीश विरघळतात. इथे फ्रायनीच्या जागी ब्लेन आहेत, वस्त्र ओढणारे न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ या दैनिकाचे संपादक व्हाइटलॉ रीड आहेत आणि समोर पक्षाची पुढारी मंडळी बसली आहेत. वस्त्राखाली रूप नाही, गोंदण आहे. लाचखोरी, लिटल रॉक रेल्वेचे रोखे, मुलिगन पत्रे (रोख्यांच्या व्यवहाराबद्दल ब्लेन यांनीच लिहिलेली आणि मुलिगन नावाच्या कारकुनाच्या हाती लागलेली), असे एकेक प्रकरण थेट कातडीवर. हीच कल्पना गिलमने एप्रिलमध्येही वापरली होती. दहा सेंटांत अजब माणसे दाखवणाऱ्या त्या वेळच्या तमाशाघरांत अंगभर गोंदलेला माणूस हमखास असे, त्यामुळे प्रेक्षकाला काही समजावून सांगावे लागले नाही.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होते, कपाळावर हिरवट ठिपका. दुपारी ती आडवी झाली की मी शेजारी बसून बोट ओले करून ते वृंदावन पुसून पाहत असे. आजी हसून म्हणायची, “पुसू नकोस गं, वर जाताना तेवढंच तर बरोबर न्यायचंय. बाकी सगळं इथंच काढून घेतात.” तिच्या लेखी ते मोठे धन होते. गिलमच्या चित्राचा डंख मला त्या वाक्यावरून उमगला. कोटावर चिकटवलेली चिठ्ठी कोटाबरोबर खुंटीवर जाते. गोंदण काढून ठेवता येत नाही. त्यातून ब्लेन यांच्या त्या पत्रांपैकी एकाच्या शेवटी ‘हे पत्र जाळून टाका’ अशी विनंती होती. पत्र जळले नाही, सप्टेंबरात छापून आले आणि डेमोक्रॅट मिरवणुकांना घोषणा मिळाली.

दुसऱ्या बाजूचे हातही स्वस्थ नव्हते. डेमोक्रॅट उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना लग्नाबाहेर मूल असल्याचा गवगवा झाल्यावर फ्रँक बिअर्डने ‘पक’च्या प्रतिस्पर्धी ‘जज’ या साप्ताहिकामध्ये आईच्या कडेवरचे मूल ‘मला माझे बाबा हवेत’ म्हणून रडताना दाखवले. चित्र झोंबणारे आहे, पण मला त्यात त्या बाईचेच वाईट वाटते.

आणि मग ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको या उंची उपाहारगृहात ब्लेन धनाढ्यांबरोबर जेवले. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकाने पहिल्या पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वॉल्ट मॅकडूगलचे चित्र छापले: बायबलातल्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीसारखी (जिच्यात भिंतीवर विनाशाची अक्षरे उमटतात) पंगत, जे गूल्डसारखे धनपती ताटावर बसलेले, आणि पुढ्यात हात पसरून एक फाटके कुटुंब. ताटांत मक्तेदारीचे सूप आणि वशिल्याचा केक, पुन्हा चिठ्ठ्याच. डेमोक्रॅटांनी ते चित्र मोठे करून रस्तोरस्ती लावले. न्यूयॉर्क राज्यात अकरा लाखांहून अधिक मते पडली आणि ब्लेन तिथे बाराशेपेक्षाही कमी मतांनी हरले, आणि त्या एका राज्यापायी देशातही हरले. त्याच दिवसांत एका पाद्र्याने त्यांच्या सभेत कॅथलिकांना डिवचले होते, तेही नडले. सगळे श्रेय चित्रांना देणे हा चित्रवेड्यांचा लाडका अतिरेक आहे आणि मला तो करायला आवडतो.

गंमत गिलमची आहे. हा गृहस्थ स्वतः रिपब्लिकन विचाराचा. गोंदलेल्या ब्लेनची चित्रे त्याने निवडणुकीच्या हंगामात पुन्हा पुन्हा काढली, आणि मत मात्र ब्लेन यांनाच दिले असे सांगतात. पुढे थोड्याच काळात तो ‘पक’ सोडून ‘जज’मध्ये गेला आणि रिपब्लिकनांच्या बाजूने तितक्याच हिरिरीने चित्रे काढू लागला. याला सचोटी म्हणावे, नोकरी म्हणावे की नुसते हाताचे सुख, मला ठरवता येत नाही. ब्लेन यांना बाराशे मते कमी पडली त्यात त्याचे एक नव्हते, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.