उज्जीया राजा आणि तीन इंच

बायबलमधल्या 2 इतिहास या पुस्तकातला, अध्याय 26 मधला उज्जीया राजा सध्या माझ्या डोक्यातून जात नाहीये. 16 व्या वर्षी गादीवर बसला, 52 वर्षं राज्य, बुरूज बांधले, पाण्याची टाकी खोदली, शेतीची भारी आवड, आणि हे सगळं देवाच्या मदतीने झालं असं स्पष्ट लिहिलंय. पण बलवान झाला आणि डोक्यात हवा गेली. धूप जाळायला थेट मंदिरात घुसला, ते काम फक्त याजकांचं, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांचं. मुख्य याजक अजऱ्या आणि 80 याजक आडवे आले तर हा त्यांच्यावरच भडकला, धुपाटणं हातात तसंच आणि कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला बिचारा.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ऑर्डरी वाढल्या तसं सकाळी प्रार्थना करून शटर उघडायचं कधी सुटलं कळलंच नाही. एका मोठ्या गेटच्या वेळी आमचे वेल्डर काका टेप घेऊन आले, "दादा, मापात तीन इंच कमी पडतंय बघा." मी चार पोरांसमोर म्हणालो, धंदा मी उभा केलाय, तुम्ही वेल्डिंग करा.

साईटवर गेट लावलं, कडीच लागेना. पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर काका मला कुठलीच चूक सांगेनात, ते फार लागलं.

शेवटी त्याच पोरांसमोर माफी मागितली. काकांनी टेपची पट्टी आत सोडली, म्हणाले, "चहा सांगा."